सातासमुद्रापारचा सत्कार

आमच्याकडचा मुलगा परदेशात पोचला की पहिल्या आठवड्यात घरी एक फोटो पाठवतो. त्यात तो कुठल्यातरी लाल मोटारीला टेकून उभा असतो. मोटार कुणाची, हे विचारायचं नसतं. बापाने तो फोटो भावकीत फिरवायचा, भावकीने 'वा वा' म्हणायचं आणि मग आपापल्या मुलांना जेवताना टोमणे मारायचे, अशी पद्धत आहे. दुसरा फोटो बर्फातला येतो. नंतरचा धबधब्याचा. मग गणपतीत सिल्कचा कुर्ता घालून तिथल्या मंडळात आरती म्हणतानाचा. इथे होता तेव्हा आरतीच्या वेळी हा गच्चीवर क्रिकेट खेळायचा.

हे मी ऐकीव सांगत नाही. धुळ्यात देवपूरला माझा फोटो स्टुडिओ आहे आणि ही मुलं जाताना माझ्या स्टुलावर बसून जातात. व्हिसाच्या फोटोचे नियम मोठे कडक. मागे पांढरा पडदा, कान उघडे, चष्मा नाही आणि हसायचं नाही. सोबत आलेली आई पडद्याच्या बाजूला उभी राहून सांगत असते, "हस रे जरा." मी म्हणतो, "मावशी, हसला तर जाता येणार नाही त्याला." मग ती घाबरून त्याला दटावते, "हसू नको हं, अजिबात हसू नको." पोरगं तोंड आवळून बसतं आणि मी बटण दाबतो. इथला शेवटचा फोटो हा असा, चौकीत धरून आणल्यासारखा.

पुढे हीच मुलं लग्नाला म्हणून तीन आठवड्यांची रजा काढून येतात. तेव्हाचेही फोटो मीच काढतो. मांडवात पंख्याखाली बसून बाटलीतलं पाणी पितात आणि म्हणतात, "इथे फार ह्युमिड आहे." धुळ्याची हवा मे महिन्यात दमट झाली तर आम्ही सगळे मिळून देवीला नारळ फोडू. पण नवरदेवाला कोण काय बोलणार? मी म्हणतो, "हो ना, हनुवटी जरा वर घ्या."

तर मागच्या उन्हाळ्यात आमच्या समाजमंडळाचे अध्यक्ष स्टुडिओत आले. त्यांना सगळे आबा म्हणतात. कापसाचा धंदा धाकट्या मुलाकडे सोपवल्यापासून आबांना दुसरं काम नाही, त्यामुळे त्यांना माईक लागतो. माईक नसला तर ते चहाचा कप तोंडासमोर धरून बोलतात. थोरला मुलगा अमेरिकेत. त्याचं नाव ते एका दमात घेत नाहीत, आधी हुद्दा येतो आणि मग मुलगा.

आबांच्या डोक्यात जळगावला प्रदर्शन भरवायचं होतं. समाजातली जी मुलं समुद्र ओलांडून गेली, त्यांचे मोठे फोटो, प्रत्येकाखाली त्याची जीवनकथा आणि शेवटी भव्य सत्कार. "पुढच्या पिढीला प्रेरणा मिळाली पाहिजे," आबा कपात म्हणाले. पुढची पिढी तेव्हा माझ्या दुकानाबाहेर मोटरसायकलवर बसून रील बघत होती. फोटो मोठे करून चौकटीत बसवायचे आणि कथा लिहून काढायच्या, ही दोन्ही कामं आबांनी माझ्या गळ्यात बांधली. मला 'कलावंत' म्हटलं की मी नाही म्हणत नाही, हे त्यांना ठाऊक आहे.

आईबाप फोटो घेऊन यायला लागले. सगळ्यांची मुलं लहानपणापासूनच हुशार निघाली. यातल्या निम्म्यांना मी लहानपणापासून ओळखतो, पण ते सोडा. मी कथा लिहायला बसलो की विचारायचो, "पहिला हिवाळा कसा गेला त्याचा? राहायला कुठे होता? कुणाकुणाची आठवण काढायचा?" एका बापाच्या तोंडून निघून गेलं की पोराच्या खोलीत पलंग नव्हता, तो महिनाभर सुटकेसवर डोकं ठेवून झोपला आणि फोनवर वांग्याच्या भरताचा वास आठवून रडला. मला वाटलं, ही झाली कथा. मी लिहायला घेतली तर बापाने माझा हात धरला. "ते नका लिहू हो." मग काय लिहू? "हुद्दा लिहा."

मी हुद्दे लिहिले. एका गृहस्थांची मुलगी तिकडे संशोधन करते. त्यांनी जावयाचा फोटो आणला. मुलगीही होती त्यात, डाव्या कोपऱ्यात, अर्धी. मी म्हटलं, "हिचा एकटीचा नाही का?" म्हणाले, "आहे ना, चांगला आहे. पण जावई नाराज होतील." शिरपूरकडचा एक शेतकरी आपल्या मुलाचा फोटो घेऊन आला. मुलगा आखातात क्रेन चालवतो. डोक्यावर पिवळं हेल्मेट आणि तोंडभर हसू, एवढ्या सगळ्या फोटोंत मनापासून हसणारा हा एकच. आबांनी तो फोटो बाजूला सारला. मी म्हटलं, "आबा, समुद्र तर यानेही ओलांडलाय." आबा म्हणाले, "तो लहान समुद्र."

भूगोल इतका सोपा करून सांगणारा माणूस मला शाळेत भेटला नाही. पण मी तो फोटो ठेवून घेतला. म्हटलं, दाराजवळ कुठेतरी लावू, शेतकऱ्याला निदान दिसेल तरी.

अक्का त्याच आठवड्यात आल्या. आमच्या मागच्या गल्लीत राहतात. यजमान एसटीत कंडक्टर होते, ते गेल्यावर अक्कांनी बिबडे, म्हणजे आमच्याकडचे ज्वारीचे पापड, आणि कुरडया करून विकल्या आणि एकुलत्या एका मुलाला शिकवून कॅनडात पाठवलं. अमळनेरजवळच्या खेड्यातून लग्न होऊन आल्या त्याला जमाना झाला, पण बोलणं अजून तिथलंच आहे. बँकेच्या साहेबाशीही त्या अहिराणीतच बोलतात आणि साहेबाला ते समजून घ्यावं लागतं. अक्का आल्या त्या प्रदर्शनासाठी नव्हेच. त्यांनी पदराखालून फोन काढला आणि माझ्या काउंटरवर ठेवला.

"भाऊ, हाऊ फोटो कव्हाना शे, सांगा बरं."

मी आपल्या नेहमीच्या टेचात म्हटलं, "अक्का, मी फोटो काढतो, कुंडली नाही बघत."

त्या हसल्या नाहीत. फोटोंवरून बोट फिरवत एकेक दाखवायला लागल्या. हा दिवाळीला आला. हा संक्रांतीला. हा होळीला, आणि हा आत्ताचा, आखाजीचा. आखाजी म्हणजे आमची अक्षय तृतीया. त्या दिवशी खान्देशात सासरी गेलेल्या लेकीसुद्धा माहेरी येतात. चारही फोटोंत अक्कांचा मुलगा छान दिसत होता. एकात काळं जाकीट, एकात निळं, एकात लोकरीची टोपी, एकात काचेची उंच इमारत. मी म्हटलं, "मजेत आहे की पोरगं."

"हनुवटी देखा."

मी फोटो मोठा केला. हनुवटीवर दाढी करताना कापल्याची बारीक रेघ होती, रक्त नुकतं सुकलेलं. दिवाळीच्या फोटोत होती. संक्रांतीच्या होती. होळीच्या आणि आखाजीच्याही.

"दिवाळीले कापेल ते आखाजीपावत भरत नही का, भाऊ?" अक्का म्हणाल्या. "बठ्ठा एकच दिनना फोटो शेत. सण उना का एक धाडस."

म्हणजे सगळे एकाच दिवशी काढून ठेवलेले, सण आला की त्यातला एक पाठवायचा. फोटोखाली इंग्रजीत 'बिझी' असं लिहिलेलं यायचं. फोन केला तर वाजून वाजून बंद व्हायचा. दिवाळीनंतर अक्कांनी मुलाचा आवाज ऐकलेला नव्हता. गल्लीत मात्र सांगत होत्या, रोज बोलतो, काल तर तासभर बोलला. मुलाचं हसं होऊ नये म्हणून बिचाऱ्या त्याच्या वाटचंही बोलत होत्या.

"फोटो काय, कोणीबी धाडी सकस," त्या म्हणाल्या. "त्याना फोन त्यानाच हातमा शे, हाई कसं समजाव? जित्ता शे का नही, हाई माले कोण सांगी?"

आयुष्यभर लोकांना सांगत आलो की फोटो खोटं बोलत नाही, तसा बोर्डही आहे माझ्या दुकानात, आणि त्या दिवशी मला त्या बोर्डाचा मनापासून राग आला. पोरगं पंचवीस-तीस लाख लोकांच्या शहरात कुठे हरवलं असेल, कुणी चौकशीला जाईल असं माझ्या ओळखीचं एक माणूस तिथे नव्हतं. मी अक्कांना काय सांगणार?

अक्कांनीच रस्ता काढला. काउंटरवर पडलेले फोटो बघून त्यांनी हे काय विचारलं, मी प्रदर्शनाचं सांगितलं.

"जेसना पोरे कॅनडामा शेत ते बठ्ठा येतीन का तठे?"

"येतील ना. जेवण आहे."

"मंग मना पोऱ्याना फोटो लावा. खाले लिखा, या गावमा कोणी व्हई तं त्याना घर जाई या, आनि त्यानी मायले येईसन सांगा."

मी लिहिलं. बाकीच्यांपेक्षा मोठ्या अक्षरात लिहिलं. आबांनी मजकूर तपासताना त्यावर काट मारली. "अहो, हे गौरव प्रदर्शन आहे, स्टेशनवरची हरवलेल्यांची पाटी नाही." आणि स्वतःच्या हाताने लिहिलं, 'व्यवस्थापन क्षेत्रात उच्चपदस्थ'. मी म्हटलं, "आबा, तुम्हाला काय माहीत तो काय करतो?" ते म्हणाले, "व्यवस्थापनात सगळं येतं." अक्कांना मी हे सांगितलं तेव्हा त्यांनी विचारलं, उच्चपदस्थ म्हणजे काय? मी म्हटलं, मोठ्या जागेवर. "कोणती जागा?" मला माहीत नव्हती. "बरं," अक्का म्हणाल्या, "मी सोता सांगसू तठे."

प्रदर्शनाच्या दिवशी सगळ्या चौकटी चादरीत गुंडाळून टेम्पोत घातल्या आणि पारोळा, एरंडोल करत जळगावला निघालो. अक्का पुढे माझ्याशेजारी. नारायणपेठ नेसल्या होत्या आणि मांडीवर बिबड्यांचा डबा. कुणाचं पोरगं सुट्टी संपवून कॅनडाला परत जाणारं भेटलंच, तर त्याच्याबरोबर पाठवायला. उन्हाने टेम्पोचा पत्रा तापला होता, ड्रायव्हर ओला टॉवेल डोक्यावर घेऊन बसला होता, आणि अक्का वाटभर मला एकच विचारत होत्या, "येतीन ना लोके?"

लोक आले. सभागृहाच्या दारावरच्या बॅनरवर आबांचा चेहरा होता. आत मंचामागच्या लांबलचक भिंतीवर आम्ही चौकटी टांगल्या, ओळीने, आबांच्या मुलाची सर्वांत आधी. क्रेनवाल्याला मी ठरवल्याप्रमाणे दाराशी लावला, जिथे लोक चपला काढतात तिथे. अक्का डबा घेऊन रांगारांगांतून फिरायला लागल्या. "तुमना पोऱ्या कोठे शे? कोणता गावले?" लोक देशाचं नाव सांगायचे. "ते हाऊ. पन गाव कोणतं?" मग गडबड व्हायची. हुद्दा तोंडपाठ होता, कंपनीचं नाव तोंडपाठ होतं, गाव मात्र 'ते आपलं हे, काय बरं, टीवरून आहे' असं निघायचं. एका काकूंनी फोन काढून मुलाला मेसेज केला, 'तू कुठे असतोस?' अक्कांच्या मुलाच्या शहरात कुणाचंच कुणी निघालं नाही. त्या दुसऱ्या रांगेच्या टोकाला येऊन बसल्या. डबा बाजूच्या खुर्चीवर ठेवला.

आता सत्कार. योजना अशी होती की प्रत्येक मुलगा भल्यामोठ्या पडद्यावर तिकडून प्रकट होईल, त्याचं कौतुक होईल, आणि हार त्याच्या आईबापांना दिला जाईल. कार्यक्रमाची वेळ सकाळी अकराची. आपल्याकडे सकाळ असते तेव्हा तिकडे रात्र असते, ही बारीकशी गोष्ट एवढ्या भव्य नियोजनात राहून गेली होती. पडद्यावर एकच मुलगा आला. पांघरुणातून डोकं बाहेर काढून "कोण?" म्हणाला आणि दिसेनासा झाला. त्याच्या आईने तरी टाळ्या वाजवल्या.

आबा मंचावर उभे, शेजारी झेंडूच्या हारांनी भरलेल्या टोपल्या. ज्यांना आमचा भाग माहीत नाही त्यांना या प्रसंगातलं संकट कळायचं नाही. आमच्याकडे सत्काराशिवाय कार्यक्रम उठत नाही. पाण्याचा टँकर वेळेवर आला तर ड्रायव्हरचा सत्कार होतो. कुणी दहावी पास झाला तर होतो, आणि नापास झालेल्याच्या बापाचा ट्रॅक्टर घेतल्याबद्दल होतो. एकदा हार आणला की तो कुणाच्यातरी गळ्यात पडलाच पाहिजे, टोपलीत परत न्यायचा नाही. आईबापांना घाला म्हणावं तर सत्कार त्यांचा ठरतो, मुलांचा राहून जातो, आणि पत्रिकेत तर मुलांचा छापलेला. आबांनी क्षणभर विचार केला आणि त्यांचा चेहरा उजळला.

"मुलं नाहीत म्हणून काय झालं?" ते माईकवर म्हणाले. "त्यांचे फोटो आहेत! कार्यकर्त्यांनी प्रत्येक फोटोला सन्मानाने हार घालावा!"

टाळ्या पडल्या. कार्यकर्ते स्टुलं घेऊन धावले. आमच्या कार्यकर्त्यांना विचार करायची सवय नाही, पण हात भारी चालतात. बघता बघता मंचामागच्या सगळ्या चौकटींवर झेंडूचे हार चढले. एका उत्साही बाईंना वाटलं, नुसते हार बरे दिसत नाहीत. त्यांनी दीपप्रज्वलनाची समई उचलून फोटोंखाली आणून ठेवली आणि शेजारी अगरबत्तीचं झाड लावलं. धुराची रेघ फोटोंवरून वर जायला लागली.

टाळ्या एकेक करून बंद पडल्या. काय झालंय हे सगळ्यांना दिसत होतं आणि कुणी म्हणत नव्हतं. भिंतीवर आमच्या समाजाची तरणीताठी पोरं ओळीने हार घालून समईच्या उजेडात उभी होती.

नेमके त्याच वेळी मुक्ताईनगरकडून एक म्हातारे गृहस्थ उशिरा पोचले. दारात चपला काढल्या, समोर बघितलं आणि जागीच थबकले. टोपी काढून त्यांनी हात जोडले. मग माझ्या कानाशी येऊन कापऱ्या आवाजात म्हणाले, "अरे बाप रे! इतके पोरं? इमान पडलं का रे भाऊ?"

मी काही बोलायच्या आत त्यांची नजर दाराजवळच्या क्रेनवाल्याकडे गेली. त्याला हार नव्हता. तो आपला हेल्मेट घालून हसत होता.

"हा एकटा वाचला का?"

मला हसू फुटलं. तोंडावर रुमाल धरून हसत होतो आणि तेवढ्यात अक्का उठलेल्या दिसल्या.

त्या कुणाला धक्का न देता, कुणाकडे न बघता मंचावर चढल्या. मुलाच्या फोटोपाशी गेल्या. हार खिळ्यात अडकला होता, निघेना. त्यांनी दोन्ही हातांनी तो ओढला, दोरा तुटला आणि झेंडू मंचभर उडाले.

"मना पोऱ्या जित्ता शे!"

आबा पुढे झाले. "अक्का, अहो, सत्कार आहे हा. मानाचा हार आहे."

"मानना हार गयामा घालतस. भित्तीवर नही घालत." अक्कांचा आवाज माईकशिवाय शेवटच्या रांगेपर्यंत गेला. मग त्या लोकांकडे वळल्या आणि आवाज खाली आला. "जित्ता शे ना? कोणी देखेल शे का त्याले? मी दिवाळीपाईन त्याना आवाज ऐकेल नही. रोज बोलस म्हनीसन खोटं सांगं मी. कोणीतरी सांगा माले, कसा शे तो."

मी फोटोवाला आहे, अशा वेळी कॅमेरा उचलायची माझ्या हाताला सवय आहे. त्या दिवशी हात उचलला नाही. अक्कांच्या मुलाला मीच त्या स्टुलावर बसवलं होतं, हसू नको म्हटलं होतं, आणि आता तो कुठे आहे हे मला सांगता येत नव्हतं. डोळ्यांत पाणी आलं ते पुसायलाही लाज वाटली नाही.

पहिल्या रांगेतून आबांच्या पत्नी उठल्या. मंडळाच्या कार्यक्रमात मी त्यांचा आवाज कधी ऐकला नव्हता. त्या घरात एवढं बोलणारा माणूस असताना त्यांच्या वाट्याला काय येणार? मंचावर जाऊन त्यांनी आपल्या मुलाच्या फोटोवरचा हार उतरवला, नीट गुंडाळला आणि म्हणाल्या, "आमचाही मेसेजच करतो. अंगठा पाठवतो." एवढंच. मग आणखी एक आई गेली, आणि आणखी एक. ती 'तू कुठे असतोस' विचारणारी काकूही गेली. बाप मंडळी मात्र खुर्च्यांवर बसून होती, पत्रिका वाचत. पत्रिकेत वाचण्यासारखं काही नव्हतं.

आबांच्या हातात माईक होता आणि तो कशासाठी असतो हे ते विसरले होते. शेवटी आठवलं. "जेवणाची व्यवस्था वरच्या मजल्यावर आहे," ते म्हणाले, आणि समाज लगबगीने वर गेला. वरण-बट्टी होती, वांग्याची भाजी होती. प्रमुख पाहुणे बट्टीवर तूप पडता पडता आले आणि उरलेल्या एका हाराने त्यांचा सत्कार झाला. क्रेनवाल्याचा बाप आपल्या मुलाच्या फोटोखाली उभा राहून त्या मुक्ताईनगरच्या म्हाताऱ्यांना सांगत होता की हा काल रात्रीच फोनवर बोलला, दाढ दुखतेय म्हणाला. म्हातारे त्याचे दोन्ही हात धरून म्हणत होते, "नशीब काढलं भाऊ, नशीब काढलं."

पण व्हायचं ते होऊन गेलं होतं. अक्का मंचावर चढण्याआधीच कुणीतरी लवकर निघताना समईसकट भिंतीचा फोटो काढला होता आणि समाजाच्या ग्रुपवर टाकला होता. खाली एक अक्षर लिहिलं नाही. गरजही नव्हती. आमच्याकडे हाराचा फोटो दिसला की अंगठा आपोआप चालतो. 'भावपूर्ण श्रद्धांजली.' 'देव कुटुंबाला बळ देवो.' 'फार मनमिळाऊ होता.' एकाने 'दहावा कुठे आहे?' असं विचारलं आणि दुसऱ्याने त्याला 'कळवतो' असं उत्तरही दिलं. आम्ही चौकटी पुन्हा चादरीत बांधून टेम्पोत भरेपर्यंत हे सगळं समुद्र ओलांडून गेलं होतं. त्याला व्हिसा लागत नाही.

परतीला एरंडोलच्या अलीकडे एका हॉटेलावर चहाला थांबलो. ऊन उतरलं होतं. अक्का बाकड्यावर डबा मांडीवर घेऊन बसल्या होत्या, दिवसभरात एक बिबडा कुणी घेतला नव्हता. त्यांनी चहा नको म्हटलं. मी बळेच सांगितला. तेवढ्यात त्यांचा फोन वाजला आणि त्यांनी सवयीने स्पीकर लावला.

"आई, काय चाललंय काय हे?" मुलगा ओरडतच होता. "माझ्या फोटोला हार कोणी घातला? पहाटेपासून फोन येतायत मला. लोक मला विचारतायत की मी आहे का! कुठल्या मूर्खाने केलंय हे?" सुरुवात अशी शुद्ध, कार्यालयातली. दोन वाक्यांत ती गळून पडली. "मी काय मरी गऊ का, मा? आठे रूमवर लोके येल शेत देखाले. एक जन तं फूलं लई उना!"

अक्का फोन दोन्ही हातांत धरून त्याच्याकडे बघत होत्या, आणि त्यांचं तोंड हसत होतं. मला वाटलं, ऐकू येत नाहीये. मी हात पुढे केला तर त्यांनी फोन छातीशी ओढून घेतला. तो शिव्या देत होता, आबांना, मंडळाला, फोटो मोठा करणाऱ्याला, म्हणजे मला. मी निमूट ऐकून घेतलं.

"मा! ऐकू येस का?"

"येस."

"मंग बोलत काबरं नही?"

"तू बोल ना. आखो बोल."

"त्या ग्रुपवर टाकाले सांग कोनले तरी," तो म्हणाला. "मी जित्ता शे म्हनीसन सांग त्यासले."

"त्यासले नको सांगू," अक्का म्हणाल्या. "माले सांग. रोज सांग."

हॉटेलवाल्याने रेडिओ लावला होता, मी त्याला खुणेने बंद करायला सांगितलं. मग मुलाचा आवाज आला, आणि तो मघाचा ओरडणारा नव्हता.

"मा, काम नही शे मनाकडे. दिवाळीलेच गयं. ते बठ्ठा फोटो एकच दिनना शेत. दोस्तसना जाकीट घाली घाली काढात." त्याने नाक ओढल्याचा आवाज आला. "उच्चपदस्थ लिखेल व्हतं ना तठे? मी काय तोंड दखाडू तुले?"

"तोंड तं तू दर सणले धाडं," अक्का म्हणाल्या. "माले आवाज पाह्यजे व्हता."